हाडांची गोळी चालू आहे? मग दाताच्या डॉक्टरांना सांगा

दाढ काढली की आठ-दहा दिवसांत दुखणं थांबतं, तीन-चार आठवड्यांत वरची हिरडी जुळून येते आणि आतला खड्डा पुढच्या काही महिन्यांत नव्या हाडानं भरतो. आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पण हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून औषध घेणाऱ्या काही मोजक्या लोकांमध्ये ही जखम भरतच नाही. दोन महिने उलटले तरी तिथं जीभ लावली की काहीतरी खरखरीत, टोकदार लागतं. आरशात पाहिलं तर पिवळट-पांढरं दिसतं. सुरुवातीला फारसं दुखत नाही, म्हणून पेशंटची समजूत होते की डॉक्टरांनी दाढेचा तुकडा आतच ठेवला. प्रत्यक्षात ते जबड्याचं उघडं पडलेलं हाड असतं, आणि त्यातला जीव गेलेला असतो.

याला डॉक्टर 'ऑस्टिओनेक्रोसिस ऑफ द जॉ' म्हणतात. फाइलवर बऱ्याचदा 'एमआरओएनजे', म्हणजे औषधामुळे झालेला जबड्याचा ऑस्टिओनेक्रोसिस, अशी अक्षरं लिहिलेली असतात. निदान करताना तीन गोष्टी बघतात. पेशंट हाडांची झीज रोखणारं औषध घेतोय किंवा पूर्वी घेत होता का. जबड्याचं हाड आठ आठवड्यांहून जास्त काळ उघडं आहे का, किंवा हिरडीला अथवा गालाला पडलेल्या छिद्रातून सळई घातली तर ती हाडाला लागते का. आणि त्या जबड्याला कॅन्सरसाठी रेडिएशनचा शेक दिलेला नाही ना. आठ आठवड्यांची अट अशासाठी की साधी, रेंगाळलेली जखम एवढ्या काळात बहुतेक वेळा भरून येते.

ही माहिती कानावर आली की बरेच जण घाबरून गोळी बंद करतात. कुणाला विचारत नाहीत, डॉक्टरांना सांगतही नाहीत. दुसरीकडे असेही अनेक आहेत की ज्यांना वर्षानुवर्षं गोळी घेताना जबड्याबद्दल कुणी एक शब्द सांगितलेला नाही. मला या दोन्हींची सारखीच काळजी वाटते. औषध बहुतेकांसाठी फायद्याचंच आहे. मात्र ते देणारे हाडांचे डॉक्टर आणि दाढ काढणारे दाताचे डॉक्टर यांची गाठ पडत नाही, आणि खरा धोका त्या फटीत आहे.

औषध नेमकं काय करतं

हाड एकदा तयार झालं की कायमचं तसंच राहत नाही. जुन्या वाड्याची जशी सतत डागडुजी चालते, एक गडी खराब झालेला भाग उकरून काढतो आणि मागून गवंडी तिथं नवं बांधतो, तसं आपल्या हाडांत आयुष्यभर चाललेलं असतं. उकरणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात, बांधणाऱ्यांना ऑस्टिओब्लास्ट. तरुणपणी दोघांचं काम जुळलेलं असतं. बाईची पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी होतं, उकरण्याचा वेग वाढतो आणि बांधकाम मागे पडतं. स्टेरॉइडच्या गोळ्या बरीच वर्षं चालू असतील तर पुरुषांमध्येही हाडं अशीच पोकळ होत जातात. मग पाठीचे मणके दबतात, उंची कमी होते, पोक येतं, आणि बाथरूममध्ये पाय घसरल्याचं निमित्त होऊन खुब्याचं हाड मोडतं.

सगळ्यात जास्त वापरली जाणारी औषधं उकरणाऱ्या पेशींना लगाम घालतात. त्यातला जुना आणि मोठा गट बिस्फॉस्फोनेटचा. आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेंड्रोनेटची किंवा रिसेड्रोनेटची गोळी, महिन्यातून एकदा घ्यायची आयबँड्रोनेटची गोळी आणि वर्षातून एकदा सलाइनमधून देतात ते झोलेड्रोनिक ॲसिड, ही सगळी याच घरातली. १९६०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये हर्बर्ट फ्लाइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रसायनांचा हाडांवरचा परिणाम ओळखला. ॲलेंड्रोनेटला अमेरिकेत ऑस्टिओपोरोसिससाठी, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजारासाठी, १९९५ साली मान्यता मिळाली, आणि झोलेड्रोनिक ॲसिडच्या वर्षातून एकदा घेण्याच्या इंजेक्शनला २००७ साली.

बिस्फॉस्फोनेटला हाडातल्या कॅल्शियमची जबर ओढ असते. रक्तात गेलं की ते थेट हाडाला जाऊन चिकटतं. ऑस्टिओक्लास्ट ते हाड उकरायला लागली की औषधही तिच्या पोटात जातं, तिथलं एक महत्त्वाचं एन्झाइम बंद पाडतं आणि पेशी निकामी होते. चिकटलेलं औषध सहजी सुटत नाही. गोळी बंद केल्यावरही ॲलेंड्रोनेट हाडात कित्येक वर्षं राहतं. म्हणून "गोळी दोन वर्षांपूर्वीच बंद केली, आता कशाला सांगायचं" हा विचार बरोबर नाही.

दुसरं औषध डेनोसुमॅब. हे दर सहा महिन्यांनी पोटाच्या, दंडाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली टोचतात. ही एक अँटिबॉडी आहे आणि ती उकरणाऱ्या पेशी तयार होण्याचा निरोपच अडवते. हाडाला चिकटत नाही, त्यामुळे सहा महिने उलटले की असर उतरायला लागतो. हा फरक पुढे फार कामाचा आहे.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते, कारण औषधांच्या दुकानात हे सगळं एकाच पिशवीत मिळतं: कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी यांच्या गोळ्यांनी जबड्याला असं काही होत नाही. हाडाचं बांधकाम वाढवणाऱ्या, रोज टोचून घ्यायच्या टेरिपॅराटाइडच्या इंजेक्शनचंही या यादीत नाव नाही.

मग जबडाच का

शरीरात दोनशेच्या वर हाडं, आणि औषध सगळ्याच हाडांत जातं. तरी मांडीला किंवा मनगटाला हा त्रास होत नाही. जबड्याचं दुखणं वेगळं आहे, आणि त्याची कारणं एकात एक गुंतलेली आहेत.

दातांभोवतीच्या हाडाची झीज-भर फार वेगानं चालते, कारण रोज घास चावताना त्याच्यावर दाब पडतो. त्यामुळे औषधाचा परिणामही तिथं ठळक होतो. त्यात या हाडावरचं पांघरूण फारच पातळ. मांडीच्या हाडावर कातडी, चरबी, स्नायू असे थर आहेत. जबड्यावर जेमतेम एक-दोन मिलिमीटरची हिरडी. शिवाय दात ही शरीरातली अजब रचना आहे: हाडात रुतलेली वस्तू कातडीला भोक पाडून बाहेर आलेली, आणि बाहेर आली ती थेट जंतूंनी भरलेल्या तोंडात. हिरडीला पू झाला, दाताच्या मुळाशी गाठ आली की जंतू हाडापर्यंत पोचतात. निरोगी शरीर असं सडलेलं हाड उकरून काढतं आणि जागा साफ करतं. इथं उकरणाऱ्या पेशीच बसवलेल्या. मेलेला भाग निघत नाही, जंतू तिथं ठाण मांडतात, वरची हिरडी मागे सरकत जाते.

म्हणूनच बऱ्याच केसेस दाढ काढल्यानंतर लक्षात येतात. पण हल्लीच्या समजुतीनुसार, ज्या संसर्गामुळे दाढ काढायची वेळ आली त्या संसर्गानं हाडाचं नुकसान अनेकदा आधीच सुरू केलेलं असतं. सगळा दोष दाढ काढणाऱ्यावर टाकणं योग्य नाही. सुमारे पाऊण केसेस खालच्या जबड्यात होतात. खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला, मागे जिभेच्या कडेशी हाडाची एक धार असते. तिथली त्वचा इतकी नाजूक की नीट न बसणाऱ्या कवळीच्या घासण्यानंही ती फाटते आणि दात न काढताच हाड उघडं पडतं.

काडेपेटीचे कारखाने आणि मायामी

जबड्याचं हाड असं कुजण्याची गोष्ट या औषधांच्या बरीच आधीची आहे. एकोणिसाव्या शतकात काड्यापेटीच्या काड्यांना पांढरा फॉस्फरस लावत. त्या वाफेत दिवसभर काम करणाऱ्या मजुरांचे दात दुखायला लागायचे, हिरड्यांतून पू यायचा आणि जबड्याचे तुकडे गळून पडायचे. व्हिएन्नात लोरिन्सर नावाच्या डॉक्टरांनी १८४५ साली त्याचं वर्णन केलं. लंडनमध्ये १८८८ साली ब्रायंट अँड मे या काड्यापेटीच्या कंपनीतल्या मुलींनी संप केला तेव्हा हा आजार जगाच्या डोळ्यांपुढे आला. १९०६ च्या बर्न करारानं पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी घातली आणि हिंदुस्थानातही १९१३ साली तसा कायदा झाला. रोग जवळपास संपला आणि डॉक्टर तो विसरून गेले.

२००३ साली मायामीतले तोंडाचे सर्जन रॉबर्ट मार्क्स यांनी अशाच ३६ पेशंटची नोंद प्रसिद्ध केली. ते सगळे बिस्फॉस्फोनेटची इंजेक्शनं घेणारे होते. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कजवळच्या डॉक्टरांनी ६३ पेशंटची यादी मांडली. त्यातल्या ५६ जणांना औषध शिरेतून दिलेलं होतं, बहुतेकांना कॅन्सरसाठी. सात जण मात्र गोळी घेणारे होते. त्या सात जणांबद्दल वाचलं की पोटात गोळा येतो. पण भीती किती धरायची हे ठरवायला आकडे नीट पाहायला हवेत.

धोका किती, फायदा किती

तोंडाच्या आणि जबड्याच्या सर्जनच्या अमेरिकन संघटनेनं २०२२ साली उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. ऑस्टिओपोरोसिससाठी बिस्फॉस्फोनेटची गोळी घेणाऱ्या १०,००० लोकांमागे हा त्रास साधारण २ ते ५ जणांना होतो. वर्षातून एकदाच्या झोलेड्रोनिक ॲसिडचा आकडा १०,००० मागे २ च्या आसपास किंवा त्याहून कमी. डेनोसुमॅबला तो १०,००० मागे फार तर ३०. बिस्फॉस्फोनेट चालू असताना दाढ काढली, तरी हजारात जास्तीत जास्त एक-दोघांना हा त्रास होतो.

कॅन्सरच्या पेशंटचं गणित अगदी वेगळं आहे आणि इंटरनेटवरची बरीचशी घाबरवणारी चित्रं त्यांचीच असतात. स्तनाचा, प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरला की हीच औषधं देतात, पण मात्रा पाहा: ऑस्टिओपोरोसिसला झोलेड्रोनिक ॲसिड वर्षाला ५ मिलिग्रॅम, कॅन्सरला दर तीन-चार आठवड्यांनी ४ मिलिग्रॅम. म्हणजे वर्षाकाठी दहापट किंवा जास्तच. डेनोसुमॅबही तिथं सहा महिन्यांनी ६० ऐवजी दर महिन्याला १२० मिलिग्रॅम असतं. शिवाय केमोथेरपी, स्टेरॉइड, उतरलेली प्रतिकारशक्ती. या पेशंटमध्ये शंभरात काही जणांना, बहुतेक अभ्यासांत पाचाहून कमी जणांना, जबड्याचा त्रास होतो. घरात कुणाचा असा उपचार सुरू होणार असेल तर पहिल्या इंजेक्शनच्या आधी दात तपासून घेण्याला दुसरा पर्याय नाही.

आता तराजूचं दुसरं पारडं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत पाळी गेलेल्या आणि ऑस्टिओपोरोसिस असलेल्या सुमारे ७,७०० बायकांपैकी निम्म्यांना झोलेड्रोनिक ॲसिड आणि निम्म्यांना नुसतं सलाइन दिलं. तीन वर्षांत सलाइनवाल्यांपैकी जवळजवळ ११ टक्के बायकांचे मणके मोडले, औषधवाल्यांपैकी ३.३ टक्के बायकांचे. खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण २.५ टक्क्यांवरून १.४ वर आलं. म्हणजे १०,००० बायकांमागे शंभराहून जास्त खुबे वाचले. जबड्याच्या त्रासाची दोन्ही गटांत एकेकच केस झाली.

खुबा मोडणं हे नुसतं ऑपरेशनपुरतं नसतं. त्यानंतर वर्षभरात साधारण पाचातला एक पेशंट दगावतो, आणि जगतात त्यातल्या अनेकांना पुन्हा कुणाच्या आधाराशिवाय चालता येत नाही. हे पाहिल्यावर मला जबड्याच्या भीतीनं औषध सोडणं मुळीच पटत नाही.

दवाखान्यात काय सांगायचं राहतं

दाताच्या खुर्चीत बसलेल्या काकूंना डॉक्टर विचारतात, "काकू, काही औषधं चालू आहेत का?" काकू सांगतात, "बीपीची एक, थायरॉइडची एक. शुगर नाही हं मला." खोटं काहीच नसतं. पण दर रविवारी सकाळी उपाशीपोटी घ्यायची ती गोळी रोजच्या डबीत नसते, म्हणून आठवत नाही. आणि गेल्या वर्षी मणका दबला तेव्हा हॉस्पिटलमध्ये अर्धा तास लावलेलं ते सलाइन? ते "औषध चालू असणं" यात धरायचं असतं हे काकूंना कुणी सांगितलेलंच नाही. डॉक्टरही बीपी-शुगर विचारून पुढे जातात.

म्हणून फाइलमध्ये एक कागद ठेवा: हाडांच्या औषधाचं नाव, गोळी की इंजेक्शन, कधी सुरू केलं, शेवटचं इंजेक्शन कुठल्या तारखेला झालं. इंजेक्शनच्या खोक्यावरचं लेबल चिकटवलं तरी चालेल. आईवडील गावी आणि मुलं पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असतील तर त्या कागदाचा फोटो मुलांच्या फोनमध्ये असावा. दातांच्या डॉक्टरांकडे कुठल्याही कामासाठी गेलात तरी तो आधी दाखवा.

औषध सुरू होण्याआधी एकदा दात तपासून घेणं सगळ्यात चांगलं. हलणारे, वाचण्यासारखे नसलेले दात तेव्हाच काढून टाकावेत, कवळी टोचत असेल तर घासून नीट करावी, हिरड्या साफ करून घ्याव्यात. ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत मात्र दातांच्या कामासाठी औषध महिनोन्महिने लांबवायचं कारण नाही. नुकताच खुबा किंवा मणका मोडलेला असेल तर नाहीच नाही.

औषध चालू झाल्यावरही दात साफ करणं, सिमेंट भरणं, रूट कॅनाल, कॅप यांना अडचण नाही. दात रूट कॅनालनं वाचत असेल तर काढण्यापेक्षा वाचवावा. काढावाच लागला तर काढावा. आत पू साठलेला दात भीतीपोटी तसाच ठेवणं जास्त घातक, कारण तो संसर्गच हाडाचा शत्रू आहे. आधी आणि नंतर क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या, गरजेप्रमाणे अँटिबायोटिक, शक्य तिथं टाके घालून हिरडी जुळवणं, आणि जखम पूर्ण भरेपर्यंत पुन्हा पुन्हा दाखवायला जाणं, ही खबरदारी पुरते.

आपल्याकडे गावागावांत अजून कित्येक बायका मिशरी लावतात. मिशरी-तंबाखूनं हिरड्या खराब होतात आणि तोंडातल्या जखमा भरायला वेळ लागतो. शुगर आटोक्यात नसेल तर तेच. हाडांचं औषध लिहून देताना या दोन गोष्टींची चौकशी झाली पाहिजे असं मला कळकळीनं वाटतं.

दाढ काढण्याआधी औषध थांबवायचं का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. बिस्फॉस्फोनेट हाडात इतकं मुरलेलं असतं की दोन महिने गोळी बंद ठेवून हाडातलं औषध फारसं कमी होत नाही. पाच वर्षं गोळी किंवा तीन वर्षं वार्षिक इंजेक्शन झाल्यावर औषधाला विश्रांती द्यायची का, हा निर्णय हाडांचे डॉक्टर एरवीही घेतात, तेव्हा तो विषय त्यांच्याशी जरूर काढा. डेनोसुमॅबचं उलट आहे. त्याचा डोस चुकला आणि शेवटच्या इंजेक्शनला सात महिने उलटून गेले की हाडाची झीज उसळी मारते आणि काही पेशंटचे एकापाठोपाठ एक मणके मोडतात. म्हणून दाढ काढण्यासाठी ते बेमुदत बंद करणं धोक्याचं. शेवटच्या डोसनंतर तीन-चार महिन्यांनी दाढ काढायची, सहा ते आठ आठवडे जखमेला द्यायचे आणि पुढचा डोस वेळेवर घ्यायचा, असा मेळ दोन्ही डॉक्टरांनी फोनवर बोलून घालता येतो.

झालंच तर

दाढ काढलेली जागा न भरणं, हिरडीतून हाड दिसणं, जबड्याला सूज, तोंडाला घाण वास, अचानक हलायला लागलेले दात, आणि कारण नसताना खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर होणं: यातलं काही दिसलं तर तोंडाच्या आणि जबड्याच्या सर्जनकडे जा. सरकारी डेंटल कॉलेजांत हा विभाग असतो. ओपीजी नावाचा संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढतात, लागला तर सीटी स्कॅन.

२०२१ साली कोविडनंतर महाराष्ट्रात काळ्या बुरशीनं अनेकांचे वरचे जबडे काढावे लागले. त्याची आणि या त्रासाची गल्लत करू नका. तो आजार काही दिवसांत पसरतो आणि बुरशी रक्तवाहिन्या बंद पाडते. औषधामुळे होणारा त्रास महिनोन्महिने चालतो, आणि त्याच्या उपचारालाही तेवढा वेळ लागतो.

हाड नुसतं उघडं आहे आणि पू नाही, तर गुळण्या, स्वच्छता आणि नियमित तपासणी यावर बराच काळ भागतं. संसर्ग असेल तर अँटिबायोटिक. मेलेला तुकडा बऱ्याचदा हळूहळू सुटा होतो आणि सर्जन तो अलगद काढून घेतात, मग खालून नवी हिरडी चढते. आजार जबड्याच्या खालच्या कडेपर्यंत गेला, हाड मोडलं किंवा गालातून पू वाहायला लागला तर मोठी शस्त्रक्रिया करून निकामी भाग काढावा लागतो. हल्ली सुरुवातीच्या टप्प्यातही शस्त्रक्रिया करून चांगलं यश येतं. ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत झालेले आजार कॅन्सरवाल्यांपेक्षा सहसा लवकर बरे होतात.

या काळात हाडांचं औषध पुढे कसं चालवायचं हे तुमच्या हाडांच्या डॉक्टरांनी ठरवायचं. काहींना टेरिपॅराटाइडवर नेतात, कारण ते उकरणं न थांबवता बांधकाम वाढवतं. कॅन्सर झालेल्यांना किंवा रेडिएशन घेतलेल्यांना ते सहसा देत नाहीत. आणि जुनी कवळी जखमेवर घासत असेल तर हिरडी भरेपर्यंत ती काढूनच ठेवावी लागते. तोवर मऊ भात, खिमटी, पेज, आणि दूध-दही पोटात जाईल असं बघायचं, कारण हाडांना कॅल्शियम आणि प्रोटीन याही दिवसांत लागतंच.